चोरखिशातली चाबी

माझा राग नाकावर असतो, हे अकोल्यात माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या सगळ्या बायांना ठाऊक आहे. माप देताना एखादी पोट आत ओढून उभी राहिली की मी टेप खाली ठेवते आणि सांगते, बाई, श्वास सोडा, ब्लाउज श्वास घेत घालायचं असतं. तेव्हा या हकिकतीत मी कुठे तोंड वाजवलं असेल तर त्यात नवल नाही. नवल याचं, की ज्या गोष्टीवरून मी बोंब ठोकली ती अगदी खरी होती, आणि तरी तिच्यापायी माझ्या मायच्या हातून तिचं घर जाता जाता राहिलं.

माय वरूडजवळच्या एका गावात राहते. बाबा गेल्यापासून संत्र्याचा बगीचा धाकटा भाऊ पाहतो. घरात माय, भाऊ आणि भावजय. पोरं शिकायला बाहेर. पण घरातली प्रत्येक चाबी मायजवळ. कपाटाची, धान्याच्या कोठीची, विहिरीवरच्या मोटरची जी लोखंडी पेटी आहे तिची, आणि ट्रॅक्टरची.

ट्रॅक्टरची चाबी बाईमाणसाजवळ कशी काय, असं माझ्या सासरी पहिल्यांदा विचारलं होतं. त्याचं कारण बाबा. बाबांना कोणालाच नाही म्हणता येत नसे. ट्रॅक्टर घेतला त्या वर्षी अर्धं गाव सकाळी दारात उभं असायचं. कोणाची नांगरणी, कोणाचं लग्नाचं सामान, कोणाचा साळा मोर्शीहून आणायचा. शेवटी मायने चाबी आपल्याकडे घेतली. मग माणूस आला की बाबा बिनधास्त सांगायचे, माझं काही नाही बापा, चाबी घरात आहे. घरात म्हणजे माय. माय चुलीपासून न उठता विचारायची, मागच्या खेपेला नेला तेव्हा चिखल धुऊन आणला होता का. निम्मे लोक तिथूनच परत फिरायचे. तेव्हापासून गावात रीतच पडली. आजही कोणाला ट्रॅक्टर पाहिजे असला तर तो भावाला विचारत नाही, ओट्यावर येऊन मायला हाक मारतो.

आणि भावालाही सुटका नाही. पन्नाशीला आलेला बाप्या, पण सकाळी ट्रॅक्टर काढायचा तर मायपुढे हात करावा लागतो. माय भिंतीकडे तोंड करते, पदर सारखा करते, ब्लाउजात हात घालते, बटवा काढते, त्याची नाडी सोडते, जुडग्यातून चाबी शोधते. तोवर भाऊ हात पुढे करून बाहेर पाहत पाय आपटतो. लवकर दे व माय, मजूर येऊन बसले. माय काही लवकर देत नाही.

तो बटवा ज्यात असतो तो चोरखिसा मी शिवते. डाव्या बाजूला, आतून, अस्तराच्या कापडाचा. शिवणकाम शिकले तेव्हापासून मायचं एकही ब्लाउज मी दुसऱ्या कोणाला शिवू दिलं नाही, आणि तिच्या एकाही ब्लाउजाला तो खिसा नाही असं झालं नाही.

मग एका दुपारी माय स्वयंपाकघरात पडली. चक्कर नाही, घेरी नाही, उभी होती ती सरळ खालीच आली. भावाने तिला उचललं. घरी तेव्हा मोटारसायकल आणि ट्रॅक्टर, दुसरं काही नाही. शेजारच्याचा संत्री वाहायचा छोटा हत्ती टेम्पो मागून आणला, मागे गादी टाकली आणि तिला अमरावतीला नेलं. वरूड ते अमरावती तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि तिच्या नाकापुढे बोटं धरत होता. हे त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही दुसऱ्याच कशावर भांडताना.

अमरावतीच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, हृदयाचे ठोके फार हळू पडतात, मधेच थांबतात, पेसमेकर बसवावा लागेल. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा जरा मोठी अशी ती मशीन बसली. माय तिला मशीनच म्हणते. शुद्धीवर आल्यावर तिने आधी काय विचारलं असेल? चाबी कोणाजवळ हाय. भावजयीने बटवा तिच्या उशाखाली ठेवला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

दवाखान्यातून निघताना सगळं समजावलं होतं. मोबाइल उजव्या कानाला लावायचा, छातीशी ठेवायचा नाही, लोहचुंबकापासून लांब राहायचं. गाडीच्या चाबीचं कोणी विचारलं नाही, कारण गाडीच नव्हती.

जखम भरल्यावर मी मायला नवी ब्लाउजं शिवली. मशीनवर शिवण घासू नये म्हणून खांदा सैल ठेवला, मऊ कापड घेतलं. खिसा या वेळी उजव्या बाजूला लावते म्हटलं तर ऐकेना. म्हणे उजव्या हाताने उजवीकडे कसं काढू, बाई, तू शिवणारी का मी घालणारी. खूप वाद घातला. शेवटी खिसा डावीकडेच लावला, जरासा खाली सरकवून. खाली म्हणजे किती, तर मशीनपासून दोन बोटं.

गाडी भावाने मायसाठीच घेतली. उघड तो असं म्हणत नाही. संत्र्याचा आंबिया बहार साधला म्हणून घेतली, असं म्हणतो. पण छोट्या हत्तीतली ती दुपार त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. पांढरी गाडी दारात आली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आणि रीतीप्रमाणे चाबी मायच्या हातात दिली. मी होतेच. माय चाबी उलटीसुलटी करून पाहत राहिली, कारण तिला पातंच नव्हतं. काळी, गुळगुळीत, साबणाच्या झिजलेल्या वडीएवढी. भावाने कौतुकाने समजावलं, ही कुठे घालायची नाही, नुसती जवळ पाहिजे. जवळ असली की दाराच्या मुठीला हात लावला तरी दार उघडते, आत बटन दाबलं की गाडी चालू. मायला ते फार पटलं. चाबी जवळ पाहिजे, हे तर ती आयुष्यभर सांगत आली होती.

तिने भिंतीकडे तोंड केलं आणि चाबी बटव्यात टाकली. सगळे पाहत होते. डॉक्टरांच्या सूचना ऐकलेला भाऊ होता, भावजय होती, खिसा शिवणारी मी होते. कोणाच्या मनात काही आलं नाही. त्या घरात कोणतीही चाबी तिथेच जाते, ती दुसरीकडे जाईल हेच कोणाला सुचलं नसतं. दुसरी जादा चाबी मिळाली होती, ती कपाटात, आणि कपाटाची चाबी पुन्हा बटव्यात.

पुढचे काही आठवडे माय भलतीच खुशीत होती. भावाने गाडी काढायची तर माय सोबत पाहिजे, नाहीतर चाबी मागायला पाहिजे, आणि मागायचा कंटाळा म्हणून तो तिलाच शेजारी बसवून घ्यायचा. वरूडच्या बाजारात, पाहुण्याच्या तेरवीला, कुठे संत्र्याची कलमं पाहायला. इतकी माय बाबांच्या वेळीही फिरली नव्हती.

मग अचलपूरचा प्रकार झाला. तिथे माझी मावशी राहते. भावाने मायला मावशीच्या दारात उतरवलं आणि स्वतः परतवाड्याला मोटरचा काहीतरी सुटा भाग आणायला गेला. माय उतरली तेव्हा गाडी चालूच होती, त्यामुळे चालत राहिली. निघताना टूं टूं वाजली, त्याला वाटलं पट्टा लावला नाही म्हणून वाजते. परतवाड्याच्या भर चौकात, रसवंतीपुढे त्याने गाडी बंद केली. रस पिऊन आला, बटन दाबतो तर गाडी चालूच होईना. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत, रसवंतीवाला हसतो आहे, आणि चाबी अचलपुरात मायच्या ब्लाउजात. तो ऑटो करून मावशीकडे आला. मायने त्याला आधी जेवायला बसवलं, मग चाबी दिली.

हे मला मायने स्वतः फोनवर सांगितलं. मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कापडावर खडूने खुणा करत होते. फोन कानाशी, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. माय म्हणाली, पाय बाई, माह्याबिगर गाडी हालत नाही.

कापडावर डाव्या बाजूला खडू टेकवलेला होता आणि माझा हात तिथेच थांबला. ती चाबी गाडीशी बोलते. तारेवाचून बोलते, ब्लाउजातून बोलते. आणि ती जिथे आहे, त्याच्या वर दोन बोटांवर मशीन आहे. ते अंतर मीच मोजून शिवलेलं.

मायला काही न सांगता मी फोन ठेवला आणि भावाला लावला. गाडीबरोबर पुस्तक मिळालं असेल, ते काढ म्हटलं. त्याने ते अजून प्लास्टिकमधून काढलं नव्हतं. फाडल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. मग तो एकेक शब्द वाचत गेला. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी गाडीतल्या अँटेनांपासून आणि चाबीपासून अंतर ठेवावे, वापरण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तो वाचता वाचता थांबला. मी ओरडले, आधी जाऊन ती चाबी काढून घे, वाचन मग कर. एक चाबी. मी एकच चाबी म्हटली होती.

रविवारी दुकान बंद ठेवून मी गावी गेले. माय ओट्यावर बसली होती. काही निवडत नव्हती, सोलत नव्हती, नुसती बसली होती. मला पाहून हसली, आणि बोलता बोलता तिचा उजवा हात डाव्या छातीशी जाऊन चाचपून परत आला. पाणी प्यायले तेवढ्यात पुन्हा गेला. मी विचारलं, दुखते का? म्हणाली, नाही. आत गेल्यावर भावजयीने हळू आवाजात सगळं सांगितलं.

माझा फोन गेल्यावर भाऊ पुस्तक हातात घेऊनच पळत आला आणि मायला म्हणाला, काढ, सगळं काढ. त्याचा अवतार पाहून माय घाबरली, तिने बटवा काढून खाटेवर फेकला. भावाने उचलला तो परत दिलाच नाही. गाडीची चाबी त्यात होती, बाकीच्याही होत्या. त्या दिवशी वेगळ्या करायचं भान नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, आता राहू दे, या वयात कायले पायजे ओझं. आणि भावजयीला म्हणाला, तू सांभाळ. भावजयीने हात लावला नाही. म्हणाली, सासूबाईंनी दिल्या असत्या तर घेतल्या असत्या. तेव्हापासून जुडगा त्याच्या पँटच्या खिशात वाजत फिरत होता.

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ. त्याने मायला मिक्सरजवळ जायला बंदी केली. मोबाइल काढून भावजयीकडे दिला. टीव्हीचा रिमोट तिच्या हातात द्यायचा नाही. गाडी अंगणातून काढून पार बगीच्याच्या टोकाला नेऊन उभी केली आणि मायने तिकडे फिरकायचं नाही. मावशीकडे जायचं नाही, बाजारात जायचं नाही. भावजय साखर काढायला कपाटाशी गेली तर कुलूप. मायला विचारलं तर माय म्हणाली, त्याले विचार. तो बगीच्यात. शेवटी बिचारीने शेजारून वाटीभर साखर आणली. सासूने कपाटाची चाबी कधी दिली नाही म्हणून इतकी वर्षं कुरकुरणारी हीच भावजय, आणि तीच आता डोळ्यांत पाणी आणून सांगत होती.

मी ओट्यावर मायच्या पुढ्यातच बसले होते तेव्हा गावातला एक जण आला. सवयीने त्याने मायला हाक मारली, ट्रॅक्टर पाहिजे होता. मायने बोटाने बगीच्याकडे दाखवलं. तो गेला आणि थोड्या वेळात ट्रॅक्टर घेऊनच निघाला. भाऊ पूर्ण बाबांवर गेला आहे, त्याला नाही म्हणता येत नाही. त्याच दिवशी स्वतःच्या बगीच्यात फवारणी करायची होती, ती राहिली. माय ते सगळं पाहत होती. मग माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, "बाई, मशीन मले बसवली का कपाटाले?"

माझ्या डोक्यात राखच गेली. भाऊ जेवायला आला तसं मी त्याला धरलं. लोखंडाच्या चाब्या कशाला घेतल्या, मिक्सरचं तुला कोणी सांगितलं, मावशीकडे का नाही जायचं. घरदार ऐकेल अशा आवाजात. तो जेवत राहिला. शेवटी ताट सारून म्हणाला, "ताई, तूच तं फोन केला होता. तू अकोल्यात रायतं. ते पडली तवा मी उचलली होती." आणि हात धुवायला उठून गेला. त्याचं चुकलं होतं, आणि तरी त्याच्या चुकीवर ओरडायला मला तोंड राहिलं नव्हतं. मी मायकडे पाहिलं. ती म्हणाली, तपासणीचा दिवस जवळ आला, डॉक्टरीण बाईले विचारू. तोवर कोणी बोलू नका.

तपासणीला मी अकोल्याहून थेट अमरावतीला गेले. भाऊ मायला घेऊन एसटीने आला. दारात नवी कोरी गाडी असताना मोर्शीमार्गे एसटीने, तिला खिडकीशी बसवून. मायचा चेहरा उतरला होता. आठवड्यात जणू अंगाने निम्मी झाली होती. मी शिवलेलं ब्लाउज दंडात सैल झालं होतं, मला ते लगेच दिसतं.

डॉक्टरीण बाईंनी मायला झोपवलं, मशीनवर एक चपटी वस्तू ठेवली आणि पडद्यावर पाहू लागल्या. त्यांच्या बोलण्यातून कळलं की झालेलं-गेलेलं सगळं ती मशीन लक्षात ठेवते. भाऊ भिंतीला टेकून उभा, मी पलंगाच्या पायथ्याशी. मी त्यांना अचलपूरपासून सगळं सांगितलं. परतवाड्याच्या चौकाला त्या हसल्या, पण नजर पडद्यावरच होती. मग म्हणाल्या, मशीन व्यवस्थित आहे, वावगं काही झालेलं दिसत नाही. भावाने इतक्या जोरात श्वास सोडला की त्यांनी मान वळवून पाहिलं.

मग त्यांनी खुर्ची मायजवळ ओढली आणि आमच्याशी नाही, मायशी बोलल्या, हे मला फार आवडलं. सांगितलं ते असं. मशीन सारखी तुमचा ठोका ऐकत असते. ठोका आला तर ती गप्प बसते, नाही आला तर स्वतः देते. गाडीत दाराच्या मुठीत, दोन सीटांच्या मधे, मागे डिकीत छोटे अँटेना असतात, ते चाबीला हाक मारतात आणि चाबी उत्तर देते. त्यातलं काही मशीनला अगदी चिकटून असलं तर मशीनला तोच ठोका वाटू शकतो आणि ती गप्प बसू शकते. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि दूर झालं की मशीन पुन्हा नीट चालते. पण मुद्दाम परीक्षा पाहायची कशाला? चाबी मशीनपासून एक वीत लांब. दाराच्या मुठीवर, मधल्या भागावर छाती टेकून वाकायचं नाही. बाकी गाडीत खुशाल बसा, पाहिजे तिथे जा. मिक्सर लावा, तोही अंगाला चिकटवून धरायचा नाही एवढंच. मोबाइल पहिल्यासारखाच, उजव्या कानाला.

माय उठून बसली होती. तिने पदर बाजूला केला, उजव्या हाताचा अंगठा मशीनवर टेकवला आणि वीत ताणून करंगळी खाली टेकवली. करंगळी पोटाजवळ, फासळ्या संपतात तिथे आली. विचारलं, याच्या खाली चालते? डॉक्टरीण बाई म्हणाल्या, चालते.

मायने आमच्यापैकी कोणाकडेही पाहिलं नाही.

"आन् कपाटाची चाबी?"

डॉक्टरीण बाईंना आधी प्रश्नच कळला नाही. कपाटाची म्हणजे, साधी? लोखंडाची? तिचं काय, म्हणाल्या, ती ठेवा ना कुठेही, तिचा मशीनशी काय संबंध. भावाने पाय बदलला आणि त्याच्या खिशात जुडगा वाजला. एवढ्याशा खोलीत तो फार मोठ्याने वाजला.

बाहेर बाकावर माय बसली. मी औषधाची चिठ्ठी घेऊन आले तोवर भाऊ तिच्यापुढे उभाच होता. मग त्याने जुडगा काढून तिच्या मांडीवर ठेवला. मायने बोटांनी एकेक चाबी चाचपली, डोळे समोरच्या भिंतीवर. कपाट, कोठी, पेटी, ट्रॅक्टर. काळी चाबी लागली तशी तिने ती जुडग्यातून सोडवली आणि त्याच्यापुढे धरली. तो घेईना. राहू दे तुझ्याजवळ, म्हणाला, वीतभर खाली ठेव.

"घे," माय म्हणाली. "तू मांगतली असती तं देली असती. सगळ्याच देल्या असत्या. हिसकून काहून घेतल्या?"

भाऊ चाबीकडे पाहत होता. म्हणाला, "मले भेव वाटलं माय."

"मले वाटत नाई का?" ती म्हणाली. "हातात चाबी असली का कमी वाटते."

तो तिच्याशेजारी बाकावर बसला, आणि पन्नाशीचा माझा भाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे रडला. मी भांडकुदळ बाई, पण त्या वेळी औषधाच्या दुकानाकडे गेले आणि उगीच काहीतरी विचारत उभी राहिले.

त्या आठवड्यात माय आपली ब्लाउजं घेऊन माझ्याकडे अकोल्याला आली, आणि मी तिला नवे परकर शिवले. कंबरेच्या पट्ट्याला उजव्या बाजूला चोरखिसा, वरून झाकण, झाकणाला चाप. मापासाठी टेप काढली तर मायने हात झटकला आणि आपली वीत ताणून दाखवली. इथून खाली. टेपवर तिची वीत मोजली तर डॉक्टरीण बाईंच्या वितीहून थोडी जास्तच भरली असती, इतकी तिची बोटं लांब आहेत. ब्लाउजांचे खिसे मी उसवले. उसवताना ती माझ्याशेजारीच बसून होती, आणि शेवटच्या ब्लाउजाला म्हणाली, हा एक राहू दे, यात रुमाल ठेवीन.

घरी गेल्यावर तिने भावजयीला हाक मारली आणि कोठीची चाबी तिच्या हातात दिली. कोणी मागितली नव्हती. कपाटाची मात्र अजून तिच्याकडेच आहे, आणि भावजय त्यावरून पुन्हा कुरकुरायला लागली आहे. मला बरं वाटलं ऐकून.

गाडीच्या चाबीचं असं झालं की भाऊ रात्री घरी आला की ती मायच्या हातात देतो. घे म्हणून सांगितलेलं असतानाही देतो. मागच्या महिन्यात मी तिथे होते, तेव्हा मायला मावशीकडे अचलपूरला जायचं होतं. गाडी पुन्हा अंगणात आली होती. माय नवं लुगडं नेसून दारात उभी, भाऊ बूट घालून तयार.

"माय, चाबी दे," तो म्हणाला.

माय भिंतीकडे वळली. हात सवयीने आधी डाव्या छातीशी गेला, तिथून खाली कंबरेला आला. निऱ्या सावरल्या, झाकण चाचपलं, चाप उघडला, बटवा काढला, नाडी सोडली. लागायचा त्याहून जास्त वेळ लावला, आणि तो मुद्दाम लावत होती हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. भाऊ हात पुढे करून उभा होता. बाहेर पाहत नव्हता, पाय आपटत नव्हता. तिच्याकडे पाहत तो थांबला होता.